शास्त्रवाल्यांचं बी.टी.

बी.एस्सी. झाल्यावर मी अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र आणि गणित शिकवायला लागले. पन्नासचं दशक तेव्हा संपत आलं होतं. शास्त्राची पदवी घेतलेली बाई मिळणं इतकं अवघड होतं, की मुख्याध्यापिकाबाईंनी माझी मुलाखत अशी घेतलीच नाही. "उद्यापासून येता का?" एवढंच विचारलं. वर्षभरानं मात्र त्यांनी मला खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकवता चांगलं. पण बी.टी. झाल्याशिवाय मला तुम्हाला कायम करता येत नाही. एक वर्ष अमरावतीला जाऊन या. तुमची जागा मी राखून ठेवते."

सुट्टीत घरी गेले. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे, आणि घरात शेतीशिवाय दुसरं काही नाही. बाबा अंगणात बसून वखराची लोखंडी पास घासत होते. मी बी.टी.चं, म्हणजे शिक्षकीच्या पदवीचं, सांगितलं तसे ते थांबले.

"कॉलेज झालं, मास्तरीन बी झाली. आता शिकवाले बी शिका लागते काय वं?"

"लागते बाबा. त्याचीही परीक्षा असते."

"आन् त्या परीक्षेत नापास झाली तं?"

"नापास कावून होईन? बी.एस्सी.त झाले का?"

आई चुलीपाशी होती. तिला परीक्षेपेक्षा माझ्या लग्नाची काळजी, पण एवढी शिकलेली पोरगी बघायला येणारे पाहुणे आधीच बिचकत होते, तेव्हा एका वर्षानं काय बिघडतं, असं तिनंच बाबांना ऐकवलं. जूनमध्ये मी ट्रंक घेऊन अमरावतीला मावशीकडे आले.

कॉलेजात आम्ही बरेचजण होतो, पण त्यातले बहुतेक बी.ए. झालेले. इतिहासवाले, मराठीवाले, संस्कृतवाले. शास्त्र शिकवण्याचा विषय घेतलेले आम्ही तिघंच. एक परतवाड्याचे मास्तर. ते तिथल्या हायस्कुलात कैक वर्षं शिकवत होते आणि शाळेनं त्यांना रजा देऊन पाठवलं होतं. ताडासारखे उंच, भरघोस मिशा, घरी तीन पोरं. दुसरा अकोल्याचा एक मुलगा, माझ्याहून लहान. बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला. त्याचे वडील मजुरी करत. छप्पनच्या धम्मदीक्षेला सगळं घर नागपूरला जाऊन आलं होतं, आणि त्यानंतर घरानं ठरवूनच टाकलं होतं, की या पोराला शिक्षक करायचं. तो फार कमी बोलायचा. बोलला तर बरोबर बोलायचा. आणि तिसरी मी.

वर्गात माझ्या शेजारी बसायची ती पातूरची एक बाई. संस्कृत घेऊन बी.ए. झालेली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. मुलं सासूजवळ ठेवून आली होती. आवाज खणखणीत, आणि बोलायला लागली की समोरच्याला उठणं मुश्किल. तिला मी पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागले.

पहिले तीन-चार महिने मजेत गेले. शिक्षणाची तत्त्वं, मानसशास्त्र, शाळेची व्यवस्था, असे विषय. ऐकताना सगळं सोपं वाटायचं. ज्या विषयात एकही समीकरण नाही, त्याचा अभ्यास तो काय करायचा, असं आम्हा तिघांचं मत होतं. दिवाळीनंतर कॉलेजनं चाचणी परीक्षा घेतली. पहिलाच प्रश्न होता, 'शिक्षणाच्या ध्येयांची चर्चा करा.' मी ध्येयं एकाखाली एक लिहिली, प्रत्येकापुढे एक वाक्य लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. वेळ बराच शिल्लक असताना माझा पेपर संपला. वर पाहिलं तर ताई पुरवणी मागत होती. मला तिची कीवच आली. म्हटलं, हिला मुद्दा सापडत नाही वाटतं.

बाहेर आले तर अकोल्याचा मुलगा माझ्याही आधी सुटलेला. थोड्या वेळानं मास्तर आले. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला, भजी खाल्ली आणि पेपर किती सोपा होता यावर आमचं एकमत झालं.

निकाल लागला तेव्हा तिघंही नापास. तेही एका विषयात नाही. बी.ए.वाले सगळे पार, आणि शास्त्रवाले सगळे गारद. अकोल्याच्या मुलाला सगळ्यांत कमी गुण होते. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाला होता बिचारा. मी मावशीकडे जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मावशीनं जेवायला वाढलं आणि म्हणाली, "रडून ऱ्हायली तं जेव तरी. रिकाम्या पोटी रडू नये."

दुसऱ्या दिवशी शास्त्र-अध्यापन शिकवणाऱ्या सरांनी आम्हा तिघांना बोलावलं. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि नाकावर घसरणारा चष्मा. आमचे पेपर त्यांच्यासमोर होते.

"मी दरवर्षी पाहतो," ते म्हणाले, "शास्त्रवाले वर्गात शिकवतात बरं. पण पेपर लिहितात तो तार केल्यासारखा. 'आई आजारी, लवकर निघा.' अहो, इथं शब्दाला पैसे पडत नाहीत!"

आम्ही खाली मान घालून उभे. मग त्यांनी अकोल्याच्या मुलाचा पेपर उचलला. 'बालकाच्या विकासात खेळाचे स्थान स्पष्ट करा' या प्रश्नाखाली त्यानं लिहिलं होतं, 'महत्त्वाचे स्थान आहे,' आणि खाली तीन कारणं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यांनाच हसू आवरेना. मग मास्तर हसले, मग मी. शेवटी तो मुलगाही हसला.

शास्त्रवाले का पडतात, हा त्या वर्षी कॉलेजात गप्पांचाच विषय होऊन बसला. मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणत, यांना अवांतर वाचन नाही. इतिहासवाले म्हणत, यांना प्रयोगशाळेतच कोंडून ठेवतात, माणसं कुठून कळणार? कॉलेजचे कारकून म्हणत, नशीब. आमच्या सरांना मात्र यातलं काहीच पटत नव्हतं. ते म्हणाले, "ज्याचं दुखतं त्यालाच विचारलेलं बरं. तुम्हीच सांगा, काय अडतं?"

मास्तर आधी बोलले. "साहेब, खरं सांगू? शनिवारी कॉलेज सुटलं की मी परतवाड्याची गाडी पकडतो. रविवारी घरचा बाजार, पोरांचं दुखणं-खुपणं, शेजाऱ्याचं भांडण. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पुस्तक मी गाडीतच उघडतो, आन् गाडी अशी हालते की ओळ सापडत नाही."

मग अकोल्याचा मुलगा म्हणाला, "सर, मी शास्त्र शिकलो इंग्रजीतून. इथं लिहायचं पुस्तकी मराठीत. आणि घरी आम्ही बोलतो ते इथं चालत नाही. माझ्या सराव-पाठावर तीनदा शेरा आला, 'भाषा अशुद्ध.' म्हणून मी कमीत कमी शब्द वापरतो. जेवढे शब्द कमी, तेवढ्या चुका कमी."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"आणि तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"प्रश्नाचं उत्तर दिल्यावर आणखी काय लिहायचं, तेच मला कळत नाही," मी म्हटलं.

हेच मी त्या दुपारी ताईला सांगितलं. कॉलेजच्या मागे एक मोठा कडुलिंब होता. मोकळ्या तासाला आम्ही तिथं डबा खायचो. ताईनं माझा पेपर मागून घेतला आणि भाजी निवडावी तशी पानं उलटून पाहिली.

"अवं माय! पाहुणा आला तं तू त्याले दारातच चहाचा कप देतं आन् म्हणतं, 'घ्या, झालं, आता जा.' आधी 'या, बसा' म्हण. पानी दे. घरचे कसे आहेत विचार. मंग चहा ठेव. चहा झाल्यावर बी 'बसा न, घाई काय हाये' म्हन. तवा पाहुण्याले वाटते की घरी आलो."

"पण ताई, ध्येयं तर तेवढीच आहेत."

"हो, चहा बी तेवढाच हाये. बसव त्याले."

तिनं मला लिहून दाखवलं. आधी ध्येय म्हणजे काय ते समजावायचं. मग आपल्या ओळखीच्या वर्गातलं एखादं उदाहरण. कुणाला हे पटत नसेल तर त्याचं म्हणणं, मग आपलं. आणि शेवटी सगळ्याची बेरीज. मी थक्क झाले. बोलताना जी बाई मला भरकटलेली वाटायची, ती लिहिताना वाट अजिबात सोडत नव्हती.

"आता माझं काम," ती म्हणाली. "ते मध्यगा-बिध्यगा मले शिकव. आकडे पाह्यले की मी पानच उलटते."

परीक्षेतल्या गुणांचं मोजमाप कसं करायचं, असाही एक भाग आम्हाला होता. त्यात सरासरी आणि मध्यगा यांतला फरक ताईला काही केल्या कळत नव्हता. व्याख्या तिला पाठ होती, संस्कृत श्लोकासारखी म्हणून दाखवायची, पण गणित दिलं की पेन्सिल खाली ठेवायची. मी दोन-तीनदा फळ्यावर करून दाखवलं, उपयोग शून्य. मग एक दिवस पाण्याच्या टाकीपाशी गर्दी होती. मी तिथल्या सात जणांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. परतवाड्याचे मास्तर अर्थातच शेवटी.

"ताई, बरोबर मधला माणूस कोण?"

"तो इतिहासवाला."

"तो मध्यगा. आता मास्तर आणखी हातभर उंच झाले असं समजा. मधला माणूस बदलला?"

मास्तरांनी हात वर करून टाचा उंचावल्या. ताईनं रांगेकडे निरखून पाहिलं. "नाई बदलला. तोच हाये."

"आणि सगळ्यांच्या उंचीची सरासरी?"

"ते तं वाढली असन." ती एकदम थांबली आणि मांडीवर थाप मारून म्हणाली, "आत्ता गं बाई! एवढंच होतं काय?"

त्या दिवसापासून कडुलिंबाखाली आमची चौघांची शाळाच भरायला लागली. ताई आम्हाला लिहायला शिकवायची, आम्ही तिला आकडे. अकोल्याच्या मुलाला ती म्हणायची, "तू आधी घरच्यासारखं बोल. मंग आपन त्याले कपडे घालू." तो सुरुवातीला लाजायचा. मग एक दिवस त्यानं खेळाच्या प्रश्नावर आपल्या मोहल्ल्यातली पोरं विटीदांडू खेळताना भांडणं कशी सोडवतात ते वऱ्हाडीत सांगितलं, आणि आम्ही तिघं जेवण विसरून ऐकत राहिलो. ताईनं तेच त्याच्याकडून पुस्तकी मराठीत लिहून घेतलं. दोन पानं भरली.

फेब्रुवारीत शेवटचे पाठ आले. बी.टी.ची खरी धास्ती याचीच. बाहेरचे परीक्षक येणार, मागच्या बाकावर बसणार, आणि त्यांच्यासमोर एक अख्खा तास शिकवून दाखवायचा. परीक्षक मूळचे पुण्याकडचे होते. फार कडक आहेत असं त्यांच्याआधी त्यांचं नाव येऊन पोहोचलं होतं. मला विषय मिळाला, हवेचा दाब. वर्ग सातवी. मी पाठाचं टाचण तीनदा लिहून काढलं. कोणता प्रश्न कधी विचारायचा, फळ्यावर काय कुठं लिहायचं, सगळं नेमकं. प्रयोग साधाच. काचेचा पेला पाण्यानं काठोकाठ भरायचा, त्यावर पुठ्ठा ठेवायचा आणि पेला उलटा करायचा. पाणी पडत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. आम्ही ज्या शाळेत पाठ घ्यायचो, तिथल्या पोरांनी दरवर्षी कितीतरी होऊ घातलेले मास्तर पाहिलेले असत. तोच धडा त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा होई. त्या वर्षी हवेचा दाब त्यांना माझ्याआधी मास्तरांनी शिकवला होता, अकोल्याच्या मुलानं शिकवला होता, आणि वर्गशिक्षकांनीही.

मी टेबलावर पेला ठेवला आणि पूर्वज्ञानाचा पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, आता तुमी त्याच्यावर पुठ्ठा ठेवसान."

"मंग उलटा करसान," दुसरी.

"पानी पडत नाई बाई! हवेचा दाब!" सगळा वर्ग एका सुरात.

मागच्या बाकावर परीक्षकांनी मान वर केली. माझा अख्खा तास पोरांनी तीन वाक्यांत संपवला होता. तोही तार केल्यासारखाच! काही सुचेना म्हणून मी त्या पहिल्या मुलीला म्हटलं, "ये, तूच करून दाखव."

ती ऐटीत आली. पेला भरला, पुठ्ठा ठेवला, उलटा केला आणि हात काढला. सगळं पाणी भस्सकन टेबलावर. माझं टाचण चिंब भिजलं आणि त्यातली निळी शाई पसरत पसरत पार काठापर्यंत गेली. वर्ग खदखदून हसला.

"त्या उंच सरांचं बी पडलं होतं बाई," कुणीतरी मला धीर दिला.

टाचण गेलं, तेव्हा आता पाहून बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी ते ओलं कागदाचं भेंडोळं बाजूला सारलं आणि तोंडातून निघून गेलं, "थांबा थांबा. हवेचा दाब असतो ना? मग आता कावून पडलं?"

'कावून' ऐकून पोरं आणखी हसली. मग मात्र रिकाम्या पेल्याकडे पाहायला लागली. हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. एक म्हणाली, पाणी जास्त झालं. एक म्हणाला, हिचा हात हलला. मागचा एक मुलगा म्हणाला, "हवा वरून दाबते, म्हनून पडलं." त्यावर पुढची मुलगी त्याच्यावर उलटली, "वरून दाबते तं त्या लहान्या सरांच्या वेळी कावून नाई पडलं?" वर्गाचे दोन तट पडले. मी कुणालाच अडवलं नाही. फक्त म्हणत राहिले, "बरं, मग ते कसं तपासायचं?"

शेवटी एकीनं टेबलावरचा पुठ्ठा उचलून पाहिला. सगळ्यांच्या प्रयोगांत भिजून भिजून शाळेचा तो पुठ्ठा पापडासारखा वाकला होता. "बाई, हा वाकडा झाला. कडेनं हवा आत शिरली असन." मग नवा पुठ्ठा कुठून आणायचा? एका मुलाच्या दप्तरात कोरं पोस्टकार्ड निघालं. घरून लिहून टाकायला दिलं होतं, आणि लिहायचंच राहिलं होतं. पेला पुन्हा भरून त्यावर ते ठेवलं आणि उलटा केला. पाणी जागच्या जागी! मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढची मुलगी म्हणाली, "आता आडवा धरू?" तिनं हळूच पेला आडवा केला. तरी पाणी पडेना. हवा खालूनच नव्हे, बाजूनंही दाबते, हे मी सांगायच्या आधी मागचा तो मुलगा ओरडला, "म्हन्जे सगळीकून दाबते!" आणि घंटा झाली. फळ्यावर मी विषयाचं नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभी राहिले. नापास, दुसरं काय? ताई लांबून खुणेनं विचारत होती, कसं झालं? मी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात परीक्षक आणि आमचे सर बाहेर आले.

"तुमच्या पाठात हेतुकथन कुठं होतं?" परीक्षकांनी विचारलं. आज आपण काय शिकणार, हे वर्गाला आधी सांगायचं असतं, त्याला हेतुकथन म्हणत.

"ते मुलांनीच केलं साहेब," मी म्हटलं. खरं तेच होतं.

परीक्षक सरांकडे वळले. "आणि 'कावून' म्हणजे?"

"'का' म्हणजे जे, तेच," सर म्हणाले. "आमच्याकडे जरा जोरात विचारतात."

परीक्षक हसले. हसताना ते कडक वाटत नव्हते. "पुढच्या वेळी फळा वापरा," एवढं बोलून ते पुढच्या वर्गाकडे गेले. पुढच्या वर्गात अकोल्याचा मुलगा होता. त्याचं सगळं टाचणाप्रमाणे, नीटनेटकं झालं, असं त्यानं संध्याकाळी सांगितलं.

लेखी पेपर भर एप्रिलात आले. अमरावतीचं ऊन म्हणजे काय सांगावं! दौतीतली शाई बसल्या जागी आटायची. पहिल्या पेपरात मी प्रश्न वाचला, मनात 'या, बसा' म्हटलं आणि लिहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी उभी राहून पुरवणी मागितली. ताईनं पलीकडच्या रांगेतून ते पाहिलं आणि अशी काही हसली, की पर्यवेक्षकांनी तिला दटावलं.

निकाल लागला तेव्हा मी गावी होते. मावशीनं माणूस पाठवून कळवलं. मी दुसऱ्या वर्गात पास, पाठात तर पहिल्या वर्गाचे गुण. परतवाड्याचे मास्तर पास. ताई पास, आणि मोजमापाच्या भागात तिला माझ्याहून जास्त गुण, हे तिनं मला पुढे आयुष्यभर ऐकवलं. अकोल्याचा मुलगा मात्र एका लेखी पेपरात राहिला. फार थोडक्यात राहिला.

जूनमध्ये मी अकोल्याला परतले. मुख्याध्यापिकाबाईंनी शब्द पाळला होता. कायमचं पत्र हातात देताना म्हणाल्या, "आता बी.टी. झाल्या ना? मग शास्त्राबरोबर सातवीचं मराठीही तुम्हीच घ्या. निबंध फार वाईट लिहितात पोरी."

अकोल्याचा मुलगा मला स्टेशन रोडवर भेटला, तेव्हा तोंड चुकवून जात होता. मी त्याला हाक मारून थांबवलं. ऑक्टोबरात त्याला तेवढाच पेपर पुन्हा द्यायचा होता. मग दर रविवारी सकाळी मी त्याच्या घरी जायला लागले. मी एकटीच खोली घेऊन राहत होते, तेव्हा त्यानं माझ्याकडे येण्यापेक्षा हे बरं दिसत होतं. त्याची आई आम्हाला समोरासमोर बसवायची आणि मधे मुरमुऱ्यांची परात ठेवायची. तो एक उत्तर लिहायचा. मी वाचायचे. मग त्याच्या आईला वाचून दाखवायचे, कारण ती हट्टानं म्हणायची, "मले बी ऐकू द्या, माह्या पोरानं काय लेह्यलं ते." एकदा शिस्तीवरचं उत्तर ऐकून ती म्हणाली, "हे तं खरं हाये. पन तुह्या बापानं तुले कधी मारलं नाई, ते बी लेह्य न!" त्यानं लिहिलं, आणि उत्तर खरंच भरलं.

ऑक्टोबरच्या परीक्षेत तो पास झाला. निकालाच्या दिवशी त्याची आई शाळेच्या मधल्या सुट्टीत पेढे घेऊन आली. आधी शिपाईबाईला दिले, मग सगळ्या शिक्षिकांना, मग माझ्या वर्गातल्या मुलींना, आणि मला शेवटी उरलेला चुरा मिळाला. "तू घरचीच हाये," म्हणाली.

साठ साल उलटल्यावर तो आमच्या शेजारच्याच मुलांच्या शाळेत रुजू झाला. दोन्ही शाळांत मिळून हवा काढायचा पंप एकच होता, आणि तो आमच्याकडे. तो दर वेळी आठवड्यासाठी म्हणून उसना न्यायचा आणि परत करायला दोन महिने लावायचा. त्यावरून मी शिपायाहाती त्याला चिठ्ठ्या पाठवायचे. त्याची उत्तरं अजून तशीच यायची. 'पंप उद्या. नमस्कार.'